सहलीचा फॉर्म तिच्या दप्तरात का नव्हता? समस्त मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक सर, मॅडम आणि संस्थेवरचे सगळे विश्वस्त,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबणार आहे, आधीच सांगते. आणि हे कुठल्या एका शाळेला लिहिलेलं नाही, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत मी ज्या ज्या शाळेच्या ऑफिसात जाऊन बसले तिथं खुर्चीवरचं माणूस वेगळं होतं पण वाक्य तेच होतं, म्हणून म्हटलं सगळ्यांना एकदमच लिहावं.

गेल्या डिसेंबरात लेकीच्या वर्गात, पाचवीत, सहलीचे फॉर्म वाटले. वेरूळ आणि दौलताबाद, एका दिवसाची, एसटीने. सगळ्यांना फॉर्म मिळाला, हिला नाही. घरी आल्यावर तिनं दप्तर उलटं केलं, एकेक वही झाडून बघितली आणि मला म्हणाली, आई माझा बहुतेक कुठंतरी पडला. पडला नव्हता. मी बाईंना फोन लावला तर बाई म्हणाल्या, ताई समजून घ्या ना, तिच्याच भल्यासाठी आहे, तिथं चढउतार आहे, गर्दी असते, काही झालं तर जबाबदारी कोणाची. मी म्हटलं मी येते सोबत, माझं तिकीट मी काढते. तर म्हणाल्या एका पालकाला नेलं की बाकीचे पण मागं लागतात.

लेकीला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या बिघाडामुळं हातापायांवर नीट ताबा राहत नाही. पायात कॅलिपर, हातात वॉकर, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. बोलणं जरा संथ आहे, नवीन माणसाला दोनदा ऐकावं लागतं, पण एकदा ऐकायला लागलात की मग ती थांबत नाही ही वेगळी अडचण. दौलताबादचा किल्ला ती चढणार नाही हे मला कळतं, तिलाही कळतं. पण सहल म्हणजे काय किल्ला असतो का हो? सहल म्हणजे बसमधल्या गाण्याच्या भेंड्या, कोणाच्या डब्यात काय आणलंय, शेवटच्या सीटवर कोण बसणार, कोणाला उलटी झाली. आणि वेरूळचं कैलास लेणं तर काही डोंगरावर चढून बघायचं नाहीये, खालच्या अंगालाच आहे. ती बाहेर व्हीलचेअरवर बसून बघत राहिली असती तरी चार वर्षं बोलली असती त्याच्याबद्दल.

त्या रात्री मला झोप लागेना, मोबाईल घेऊन बसले. मी वकील नाही, पतसंस्थेत क्लार्क आहे, दिवसभर हप्ते आणि व्याज. पण वाचता येतं. तर संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा, १३ डिसेंबर २००६ ला मंजूर झालेला. आपल्या देशानं सह्या सुरू झाल्या त्या पहिल्याच दिवशी, ३० मार्च २००७ ला, सही केली आणि १ ऑक्टोबर २००७ ला तो पक्का मान्य केला. त्यातल्या ३० व्या कलमात लिहिलंय की अपंग मुलांना इतर मुलांसारखंच खेळ, करमणूक, मौजमजा यात भाग घेता आला पाहिजे, आणि त्यात पुढं मुद्दाम जोडलंय, शाळेतले उपक्रम धरून. मी तीनदा वाचलं ते. म्हणजे कुठंतरी न्यूयॉर्कमध्ये जगभरातली माणसं बसली होती आणि त्यांच्या डोक्यात आलं की बाबा, शिकायला घेतील पण सहलीला ठेवून जातील, तर ते पण लिहून ठेवा. त्यांना कसं कळलं म्हणावं? तर करार लिहिताना अपंग माणसं स्वतः तिथं होती, आमच्याबद्दल जे ठरवाल ते आमच्याशिवाय ठरवू नका असं त्यांचं म्हणणंच होतं. त्यांची पण सहल कोणीतरी चुकवलेली असणार.

आणि हे नुसतं बाहेरच्या देशातलं काही नाही. त्या करारावरूनच आपला २०१६ चा कायदा झाला, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याचं कलम १६ काढून बघा. सरकारी पैशावर चालणारी किंवा सरकारमान्य कुठलीही शाळा असू दे, मुलाला भेदभाव न करता प्रवेश, आणि खेळ न करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं. तुमच्या शाळेच्या पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं ना, त्याचाच हा दुसरा अर्थ.

आता ते वाक्य. तिच्याच भल्यासाठी.

मला खात्री आहे की बाई मनापासून बोलत होत्या, त्या वाईट नाहीत, मी त्यांना ओळखते. पण गंमत अशी की हा ‘भल्यासाठी’ शब्द करारात पण आहे, कलम ७ मध्ये, अपंग मुलांच्या बाबतीत कुठलाही निर्णय घेताना मुलाचं हित सगळ्यात आधी बघायचं. पण लगेच खालच्या ओळीत काय आहे तर त्या मुलाला स्वतःचं मत मांडायचा हक्क आहे, त्याच्या वयाप्रमाणं ते मत मोजायचं, आणि मत मांडायला त्याला जी मदत लागेल ती द्यायची. म्हणजे भलं ठरवायचं तर आधी विचारायचं. दोन्ही ओळी एकाच कलमात आहेत, पहिली घेतली आणि दुसरी सोडली असं चालत नाही. सहलीचं कोणी हिला विचारलं का? विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की किल्ल्याच्या वेळी मी खाली बसमध्ये थांबीन, ड्रायव्हरकाकांशी गप्पा मारीन. मला तिनं हेच सांगितलं. दहा वर्षांच्या पोरीनं तुमचा जबाबदारीचा प्रश्न दोन मिनिटात सोडवला होता, पण तो सोडवायला तिच्यापर्यंत कोणी आलंच नाही.

थोडं मागं जाते. पहिलीच्या ॲडमिशनला आम्ही पाच शाळा फिरलो. एका ठिकाणी तिला नाव विचारलं, कविता म्हणायला सांगितली, ती बोलायला लागेपर्यंत सरांनी घड्याळ बघितलं. शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची अशी परीक्षा घेणं म्हणजे गुन्हा धरलाय, पहिल्या वेळी २५ हजारापर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारापर्यंत. तेव्हा मला माहीत नव्हतं. दुसरीकडं म्हणाले अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा, किती टक्के आहे बघू. तिचे ६५ टक्के आहेत. त्यावर ते म्हणाले, जास्तच आहे मग. (शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाचे ३५ होते, त्याला म्हणाले चाळीसच्या आत आहे, मग सवलत कशाला. म्हणजे जास्त झालं तरी पंचाईत, कमी झालं तरी पंचाईत.) तर ४० टक्क्यांची अट काही ठराविक लाभांना आहे, आरक्षण, मोफत शिक्षण वगैरे. कलम १६ मधल्या प्रवेशाला आणि सोयींना टक्क्यांची अट लावलेली नाही, ३५ वाल्यालाही ते लागू आहे. आणि उरलेल्या सगळ्या शाळांत एकच उत्तर, आमच्याकडे सुविधा नाहीत हो, तुम्ही स्पेशल स्कूल का बघत नाही.

सुविधा नाहीत, हे तुम्ही असं सांगता जसं काही पाऊस पडत नाही असं सांगताय, म्हणजे त्यात तुमचा काही संबंधच नाही. पण करारात कलम २ मध्ये भेदभावाची जी व्याख्या आहे त्यात हे धरलंय, की गरजेची वाजवी सोय करून द्यायला नकार देणं हाच भेदभाव. रिझनेबल अकोमोडेशन म्हणतात त्याला. आणि तुमची बाजू त्यांनी सोडलेली नाही बरं का, संस्थेवर डोईजड होईल असा बोजा टाकायचा नाही हे पण तिथंच लिहिलंय. मी काही लिफ्ट मागत नाहीये.

मी काय मागितलं ते सांगते. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. कॉम्प्युटर लॅब खाली. मी म्हटलं एवढं एक वर्ष अदलाबदल करा. तर मला सांगितलं की त्याची काही गरज नाही, आमचे शिपाईमामा आहेत, ते उचलून नेतील रोज. मामा चांगले आहेत, वयानं मोठे आहेत, पण सर, तुमच्या घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला रोज दोनदा, मधल्या सुट्टीत धरून चारदा, पूर्ण शाळेसमोर कोणी उचलून न्यावं हे तुम्हाला चालेल का? आणि बाथरूमला जायचं असलं तर? तर हिनं काय केलं, पाणी प्यायचं बंद केलं. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत. मला वाटायचं विसरते. तीन महिने मी तिलाच रागवत होते.

लॅब अजूनही खालीच आहे. सहा कॉम्प्युटर आहेत, त्यातले दोन चालू आहेत.

रॅम्पचं पण बोलू. प्रत्येक शाळेत रॅम्प आहे, कागदावर तर नक्कीच, कारण दरवर्षी यू-डायसच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या शाळेच्या माहितीत तो भरावा लागतो. नियम साधा आहे, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार. दोन फुटांचा ओटा असेल तर चोवीस फूट. आमच्या इथल्या रॅम्पची लांबी मी टेपनं मोजली, सात फूट. ओटा दोन फुटाच्या वर. त्यावरून व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागतात आणि खाली येताना देवाचं नाव घ्यावं लागतं. त्याचा उपयोग एकच, पावसाळ्यात टू-व्हीलर व्हरांड्यात चढवायला. सुप्रीम कोर्टानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या केसमध्ये हेच म्हटलं, की सुगम्यतेचे, म्हणजे अपंग माणसाला सगळीकडं ये-जा करता यावी यासाठीचे नियम नुसते सूचना म्हणून ठेवून चालणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा. रतुरी स्वतः अंध आहेत, त्यांची याचिका २००५ ची. म्हणजे याचिका टाकली तेव्हा जे मूल पहिलीत असेल ते निकाल लागेपर्यंत पंचवीस वर्षांचं झालं. मधल्या काळात कागदावर अपंगचं दिव्यांग झालं, पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

सगळं रडगाणंच गात नाहीये मी. दुसरीत हिला एक बाई होत्या, साध्या, डीएड झालेल्या, असला कुठला करार त्यांनी आयुष्यात वाचला नसेल. हिच्या बोटात पेन्सिल टिकत नव्हती. बाईंनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पेन्सिलीला गुंडाळला, आणि दहा गणितांऐवजी सहा लिहायची, बाकीची चार तोंडी सांगायची असं ठरवलं. बस. खर्च शून्य. त्या वर्षी हिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला गणित येतं. वाजवी सोय म्हणजे काय हे मला विचाराल तर मी व्याख्या नाही सांगणार, तो ट्यूबचा तुकडा अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे तो दाखवीन.

बाईंची बदली झाली. पुढच्या वर्षी परत पहिले पाढे पंचावन्न. हे मात्र मला खटकतं, की चांगली बाई मिळाली तर नशीब आणि नाही मिळाली तर तेही नशीब. हक्क असेल तर तो बदलीच्या ऑर्डरबरोबर जायला नको ना.

तुम्ही म्हणाल आम्हाला विशेष शिक्षक कुठं दिलेत. खरंय, शंभर टक्के खरंय. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे केसमध्ये केंद्र सरकारला प्रमाण ठरवायला सांगितलं, ते २०२२ मध्ये ठरलं, प्राथमिकला दहा विशेष मुलांमागं एक विशेष शिक्षक, त्याच्या वर पंधरामागं एक. मार्च २०२५ मध्ये परत राज्यांना सांगावं लागलं की अजून पदंच मंजूर नाहीत, आधी पदं जाहीर करा. आमच्याकडं ज्या विशेष शिक्षिका येतात त्यांच्याकडं इतक्या शाळा आहेत की त्या महिन्यातून एकदा येतात, मस्टरवर सही करतात, हिच्याशी पंधरा मिनिटं बोलतात, पुढच्या गावची एसटी पकडतात. त्यात त्यांचा काय दोष. पण मग भांडा ना तुम्ही त्यासाठी. अनुदानासाठी, वेतनेतर म्हणजे पगाराशिवायच्या खर्चाच्या पैशासाठी संस्थाचालक मोर्चे काढतात, निवेदनं देतात, आमदाराला गाठतात, ते आम्ही बघतो. विशेष शिक्षकाची मागणी घेऊन आलेला एकही मोर्चा मी अजून बघितला नाही. तुम्ही काढलात तर बोलवा, रजा टाकून येईन.

आणि पैशाचं म्हणाल तर त्याचाही इतिहास वाचला मी. १९८९ चा बालहक्कांचा करार, भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ ला सामील झाला, त्याच्या २३ व्या कलमात अपंग मुलाला सन्मानानं पूर्ण आयुष्य जगता यावं असं सुंदर लिहिलंय. पण मदतीचा विषय आला की तिथं ‘उपलब्ध साधनांप्रमाणे’ अशी शेपटी आहे. ती शेपटी सगळ्यांनी पकडून ठेवली. २००६ च्या करारावर पुढं २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं जे स्पष्टीकरण आलं, समावेशक शिक्षणावरचं, त्यात साफ सांगितलंय की वाजवी सोय ही हळूहळू बजेट येईल तशी द्यायची गोष्ट नाही, ती आत्ताच द्यायची. सगळ्या इमारती बदलायला वेळ लागेल, मान्य. पण या मुलीसाठी हा वर्ग खाली आणायला कुठलं बजेट लागतं?

त्याच स्पष्टीकरणात चार अवस्था सांगितल्यात. मुलाला घेतच नाहीत ती एक. वेगळ्या जागी बसवतात ती दुसरी. तिसरीत मूल सगळ्यांच्यात घेतात पण शाळा आहे तशीच राहते, मुलानं जुळवून घ्यायचं. आणि चौथीत शाळा स्वतः बदलते, तोच खरा समावेश. आपण बहुतेक जण तिसऱ्या पायरीवर बसून चौथीचा फोटो काढतो, जागतिक अपंग दिनाला, ३ डिसेंबरला. गेल्या वर्षी तर त्या फोटोत माझीच लेक होती, मध्यभागी, गुलाब घेऊन. सहलीचे फॉर्म त्याच आठवड्यात वाटले.

स्पेशल स्कूलला माझा विरोध आहे असं समजू नका. कर्णबधिर मुलांना खुणांची भाषा येणारे शिक्षक आणि तीच भाषा बोलणारे मित्र लागतात, ते साध्या शाळेत एकटं मूल बसवून मिळत नाहीत, करारानंही त्यांच्यासाठी वेगळं लिहून ठेवलंय. पण शाळा निवडायची आम्ही, ढकलायचं तुम्ही असं नको. तेच घरी राहून शिकण्याचं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरून शिकायचा पर्याय ‘निवडता’ येतो. मुलाला, त्याच्या घरच्यांना. मुख्याध्यापकांना नाही. मला स्वतःला ऑफर आली होती, ताई तुम्ही कशाला रोज एवढी धावपळ करता, घरीच ठेवा, हजेरी आम्ही सांभाळून घेतो. किती सोपं वाटतं ऐकायला. मी दोन दिवस विचार पण केला खरं सांगायचं तर, दमले होते. युनेस्कोच्या २०१९ च्या भारताच्या अहवालात आहे की ५ ते १९ वयोगटातली साधारण पाव अपंग मुलं कुठल्याच शाळेत जात नाहीत. पण ज्यांची हजेरी अशी सांभाळून घेतली जाते ती मुलं कोण मोजणार? ती तर तुमच्या पटावर हजर आहेत.

आता तक्रारीचं. नवरा म्हणतो एवढं वाचलंयस तर कर की केस थेट जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांकडं. तर तिथं जाता येत नाही. व्यक्तीला तक्रार करायची सोय ज्या जोडकरारात आहे त्यावर भारतानं सहीच केलेली नाही, बालहक्कांच्या तसल्याच जोडकराराचंही तेच. म्हणजे हक्क दिलाय पण तिथलं दार बंद. देशातलं दार उघडं आहे, पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत, कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारापर्यंत, परत मोडला तर ५० हजार ते ५ लाख दंड आहे. मी अजून गेलेली नाही. का ते तुम्हालाही माहितीय. तिला रोज सात तास तुमच्याकडं सोडायचं असतं, भांडून कशी सोडू? आमच्यासारखे पालक तक्रार करत नाहीत त्याला तुम्ही ‘सगळं सुरळीत आहे’ असं समजू नका, एवढीच विनंती.

आणि एक, बाकीचे पालक काय म्हणतील ही भीती तुम्ही नेहमी सांगता. मी वर्गाच्या ग्रुपवर विचारलं. एकच मेसेज टाकला, ही सहलीला आली तर कोणाला अडचण आहे का. दोघांनी अंगठा टाकला, बरेच जण गप्प बसले, आणि एका आईनं लिहिलं, माझी पोरगी म्हणते ती नसेल तर भेंड्यांना मजा नाही, तिला सगळी जुनी गाणी येतात. खरंच येतात. आजीच्या रेडिओमुळं.

तर यंदा सहावी. सहल परत डिसेंबरातच असणार, दिवाळीनंतर फॉर्म निघतील. तिचा फॉर्म काढा. पैसे आणि सही दुसऱ्या दिवशी मिळेल, सोबत यायचं तर मी येते, नको असेल तर मदतनीस कोण ते आधी कळवा म्हणजे तिला कसं धरायचं, कॅलिपरचा पट्टा कुठं लावायचा ते एकदा दाखवून ठेवते. व्हीलचेअर घडीची आहे, एसटीच्या डिकीत बसते, मी डेपोत जाऊन बघून आले. फक्त ती खिडकीजवळची सीट मागणार आणि तिच्या दोन मैत्रिणींना पण तीच हवी असणार, ते भांडण मात्र बाईंनी सोडवायचं.

आपली,
सहावीतल्या एका मुलीची आई